कमिट न करता (म्हणजे बदल नोंदवून न ठेवता) ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, बदलताना गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल कधी अडवतं आणि कधी नाही, असं का?

रँडम वाटतं पण नाहीये. तुम्ही हात लावलेली फाइल दोन्ही ब्रँचच्या शेवटच्या कमिटमध्ये सेम असेल तर गिट तुमचे बदल तसेच सोबत घेऊन पलीकडे जातं, वेगळी असेल तर ओव्हरराइट होईल म्हणून अडवतं. खरं तर अडवतं तेच बरं, न अडवता गेलं की भानगड, कारण मग घाईत ॲड डॉट मारून (म्हणजे झाडून सगळे बदल घेऊन) कमिट केलं की फीचरचं अर्धवट काम हॉटफिक्समध्ये, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीत, घुसतं आणि रिव्ह्यूवाला विचारतो हे काय आहे.

म्हणून एरर येवो न येवो, आधी गिट स्टेटस बघा, मग स्टॅश, म्हणजे अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवणं. पण नुसतं गिट स्टॅश नको, स्टॅश पुश डॅश एम (git stash push -m) आणि पुढे काय चाललं होतं ते दोन शब्दांत लिहा, नाहीतर काही दिवसांनी लिस्टमध्ये एकसारख्या डब्ल्यूआयपी (वर्क इन प्रोग्रेस, अर्धवट काम) ओळी दिसतात आणि कशात काय आहे देव जाणे. (जुन्या ट्युटोरियलमध्ये सेव्ह दिसेल, ते आता डेप्रिकेटेड आहे.) नवीन बनवलेल्या, अजून ॲड न केलेल्या फाइली स्टॅशमध्ये आपोआप जात नाहीत, त्यासाठी डॅश यू लावायचं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

परत आल्यावर पॉप, म्हणजे बाजूला ठेवलेले बदल परत आणणं. इथे लोक उगाच घाबरतात, पॉप करताना कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) आला तर स्टॅश उडत नाही, लिस्टमध्ये तसाच राहतो, कॉन्फ्लिक्ट सोडवून मग हाताने ड्रॉप करायचा, म्हणजे काढून टाकायचा. फारच गुंता झाला असेल तर स्टॅश ब्रँच आणि नवीन नाव द्या, ज्या कमिटवर स्टॅश केला होता तिथूनच नवी ब्रँच निघते त्यामुळे सगळं नीट बसतं. आणि हो, स्टॅश कुठल्या ब्रँचला बांधलेला नसतो, अख्ख्या रेपोचा एकच ढीग असतो, त्यामुळे पॉप मारायच्या आधी आपण कुठल्या ब्रँचवर आहोत ते बघा.

माझं मत विचाराल तर स्टॅश तासा-दोन तासांसाठी ठीक, तो सर्व्हरवर पुश होत नाही, तुमच्या लॅपटॉपवरच राहतो. काम उद्यावर जाणार असेल तर सरळ आपल्या ब्रँचवर डब्ल्यूआयपी कमिट टाका, नंतर रीसेट सॉफ्टने उघडता येतो, म्हणजे कमिट निघतो पण बदल राहतात. आणि दिवसभर दोन ब्रँचमध्ये ये-जा असेल तर गिट वर्कट्री बघा, 2015 पासून आहे, दुसरी ब्रँच वेगळ्या फोल्डरमध्ये उघडते, स्टॅशची गरजच नाही. फक्त एन्व्ह फाइल (सेटिंग्जची) आणि नोड मॉड्यूल्स (इन्स्टॉल केलेली पॅकेजेस) तिथे नसतात, कारण त्या सहसा गिटमध्ये नसतात, ते परत सेट करावं लागतं.