ऑर्गॅनिक जिओकेमिस्ट जुन्या गाळखडकांत आयुष्यभर शोधतो तरी काय?

तुमचा प्रश्न असा आहे: बीएस्सी केमिस्ट्री झालंय, भूगर्भशास्त्राची आवड आहे, कोट्यवधी वर्षं जुन्या गाळावर काम करणारा ऑर्गॅनिक जिओकेमिस्ट नेमकं काय करतो, आणि त्यात करिअर होतं का?

मी याच कामात आहे. करिअर होतं, पण बाहेरून वाटतं तसं नाही. आमचा बराचसा वेळ नवीन काही शोधण्यात जातच नाही. जे सापडलंय ते खरंच त्या दगडाचं आहे की मागाहून कुठून तरी आलंय, हे तपासण्यात जातो. हे पचनी पडणार असेल तर पुढे वाचा.

आम्ही शोधतो ती मुख्यतः चरबी. जीव मेला की त्याची प्रथिनं, साखर, डीएनए तुलनेनं लवकर संपतं. पेशीच्या पडद्यातले मेदरेणू मात्र चिवट असतात. गाळात गाडले गेले की त्यांच्यावरचा ऑक्सिजन जातो, दुहेरी बंध जातात, पण कार्बनचा सांगाडा टिकतो. कोलेस्टेरॉलचं कोलेस्टेन होतं, एवढाच फरक. स्टेरेन (कोलेस्टेन त्यातलंच एक) सापडली तर तिथे दृश्यकेंद्रकी जीव, म्हणजे पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले, होते असं म्हणता येतं, होपेन (बॅक्टेरियांच्या पडद्यातल्या मेदांचे तसेच सांगाडे) सापडली तर बहुतेक बॅक्टेरिया. ज्यांना हाडं नव्हती, कवच नव्हतं, त्यांचा पुरावा बऱ्याचदा एवढाच उरतो. 1930 च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं खनिज तेलात पॉर्फिरिन (कड्याच्या आकाराचे रेणू) ओळखली आणि त्यांचं नातं हरितद्रव्याशी जोडलं. आमची शाखा तिथून सुरू झाली असं मानतात.

आता एका माणसाचं करिअरच बघा, म्हणजे सगळं लक्षात येईल. योखेन ब्रॉक्स सिडनी विद्यापीठात पीएचडी करत होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातल्या 270 कोटी वर्षं जुन्या शेलमध्ये (चिखलाच्या थरांपासून बनलेल्या खडकात) त्यांना स्टेरेन मिळाली. 1999 मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला आणि दृश्यकेंद्रकी जिवांचा इतिहास एका फटक्यात कितीतरी मागे गेला. पीएचडीच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

पण शंका होतीच. ते खडक एके काळी 200 अंशांच्या वर तापलेले. इतक्या उष्णतेत असे नाजूक रेणू टिकले कसे? 2008 मध्ये 'नेचर'मध्ये एक निबंध आला. त्यात खडकात जागच्या जागी असलेल्या घन कार्बनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली होती आणि ती खडकातून काढलेल्या तेलाशी जुळत नव्हती. म्हणजे तेल नंतर शिरलेलं. या निबंधाच्या लेखकांत खुद्द ब्रॉक्स होते! पुढे 2011 मध्ये त्यांनी कोअरच्या, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडाच्या लांब दंडगोलाच्या, मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या करून दाखवलं की हायड्रोकार्बन बाहेरच्या बाजूला जास्त आणि आत कमी होत जातात. मग 2012 मध्ये त्याच भागात, दूषण होऊ नये म्हणून जास्तीत जास्त काळजी घेऊन नवे कोअर काढले, ते वेगवेगळ्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले, आणि 2015 मध्ये निकाल आला: मोजता येण्याजोगी स्टेरेन नाहीतच. मूळ शोधातले लोक याही निबंधात होते.

मला या सगळ्या प्रकरणाचं अप्रूप वाटतं ते यासाठी की ज्यांचं नाव त्या शोधामुळे झालं, त्यांनीच तो मोडीत काढायला हातभार लावला. आपल्याकडे एवढ्या वर्षांत कुणी तरी 'आता जाऊ दे ना' म्हटलं असतं.

रोजचं काम कसं असतं ते सांगतो.  कोअरचा बाहेरचा थर आधी कापून काढायचा, पण टाकायचा नाही; तो वेगळा तपासायचा, म्हणजे आतबाहेर काय फरक आहे ते कळतं. आतला भाग दळायचा. काचेची भांडी साधारण 450 अंशांवर भट्टीत भाजायची, चिकटलेलं सेंद्रिय जळून जावं म्हणून. प्लास्टिक शक्यतो लांब, नाहीतर त्यातली थॅलेट नावाची रसायनं नमुन्यात उतरतात. बोटाचा ठसा उमटला की त्यातून त्वचेवरचं स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल आलंच. (हँडक्रीम लावून लॅबमध्ये येणाऱ्यांना आमच्याकडे दारातूनच परत पाठवतात.) मग डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात अर्क काढायचा, सिलिकाच्या कॉलमवरून त्याचे वेगवेगळे अंश करायचे आणि शेवटी जीसी-एमएसवर (रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) चढवायचे. स्क्रीनवर 191 वस्तुमानाचा आयन लावला की होपेनची शिखरं ओळीनं दिसतात, 217 लावला की स्टेरेनची. प्रत्येक खेपेला सोबत ब्लँक असतो: भाजलेली वाळू, तिच्यावर अगदी तेच सगळे सोपस्कार. ब्लँकमध्येही तीच शिखरं दिसली तर त्या दिवशी मुकाट घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडी घासायला घ्यायची.

एवढं करून हाती येतं तेव्हा मात्र मजा असते. ब्रॉक्स यांच्याच ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या गटानं 2018 मध्ये डिकिन्सोनियाचा प्रश्न सोडवला. हा 55.8 कोटी वर्षांपूर्वीचा चपटा, लंबगोल जीव. तो प्राणी, की बुरशी, की दगडफूल, की महाकाय एकपेशीय, यावर कित्येक दशकं वाद. रशियात श्वेत समुद्राच्या काठी 60 ते 100 मीटर उंच कडे आहेत. इल्या बोब्रोव्स्की दोरांवर लटकून तिथले वालुकाश्माचे ठोकळे फोडत होते. जीवाश्मावर सेंद्रिय पदार्थाचा पातळ पापुद्रा शिल्लक होता. त्यातल्या स्टेरॉइडांत 93 टक्क्यांपर्यंत कोलेस्टेरॉलच्या वंशातली निघाली; आजूबाजूच्या गाळात मात्र शैवालांकडून येणाऱ्यांचा भरणा होता. म्हणजे प्राणीच. त्याच वर्षी मॉरिटानियातल्या ताउदेनी खोऱ्याच्या 110 कोटी वर्षं जुन्या शेलमधून याच गटाला हरितद्रव्याचे अवशेष मिळाले, आणि अर्क पातळ केल्यावर तो चक्क गुलाबी दिसत होता.

पिलबाराचा हिशेबही एका परीनं पुरा झाला. आजच्यासारखी स्टेरेन सुमारे 80 कोटी वर्षांपूर्वीच्या आधी सापडत नाहीत, मग त्याआधी दृश्यकेंद्रकी जीव नव्हतेच का? नोबेलविजेते कोनराड ब्लॉख यांनी सुचवलं होतं की स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखे मेद) बनण्याच्या मधल्या पायरीवरचे रेणू पूर्वी कधीतरी शेवटची पायरी असतील. 2023 मध्ये ते आदिम स्टेरॉइड उत्तर ऑस्ट्रेलियातल्या 160 कोटी वर्षं जुन्या खडकांत सापडले. तोवर कुणी त्यांच्यासाठी योग्य ठिकाणी पाहिलंच नव्हतं.

'हे सगळं परदेशातलं' असं वाटत असेल तर लोणार बघा. बुलढाण्यातल्या त्या खाऱ्या सरोवराच्या तळातून सुमारे 10 मीटरचा कोअर काढला, त्यात गेल्या 11 हजार वर्षांचा गाळ होता. पानांवरच्या मेणातल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून त्या काळचा पाऊस कसा होता याचा अंदाज बांधता येतो. साधारण 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी मध्य भारतात पाऊस दीर्घकाळ आटला होता, हे या गाळातून पुढे आलं. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं ते हॅलोआर्किया या खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं. या जिवांच्या पडद्यातले मेदही गाळात टिकतात, त्यामुळे पुढच्या कुणाला तरी तो थर उपयोगी पडेल.

आता तुमचं. एमएस्सी केमिस्ट्रीच करा. खडक नंतर शिकता येतात, उलटी वाट जास्त चढाची आहे. नेट किंवा गेट द्या. आयआयटी मुंबईचा भूविज्ञान विभाग, लखनौची बिरबल साहनी संस्था, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, ही नावं आधी बघा. तेलाकडे जायचं असेल तर ओएनजीसीची डेहराडूनची संस्था आहे. कुठलं तेल कुठल्या खडकातून आलं हे याच रेणूंवरून ठरवतात, आणि या क्षेत्रात खरा पैसा तिथेच आहे हे लपवण्यात अर्थ नाही. नोकऱ्या मोजक्या आहेत, परदेशी पोस्टडॉकची तयारी ठेवा.

पीएचडीला नाव घालण्याआधी गाइडला दोन गोष्टी विचारा. जीसी-एमएस त्यांच्या स्वतःच्या लॅबमध्ये आहे की नमुने बाहेर पाठवतात? आणि मागच्या वर्षीच्या ब्लँकचे क्रोमॅटोग्राम (यंत्रावरच्या शिखरांचे आलेख) बघायला मिळतील का? दुसऱ्या प्रश्नावर जो माणूस खुश होऊन फाइल उघडेल, त्याच्याकडे जा.