हापूसच्या झाडाखाली काहीच जगत नाही, काय लावता येईल?

लॉनच्या फंदात पडू नका, हे आधी सांगते. तुम्ही लिहिलंय की दारात पस्तीसेक वर्षांचं हापूसचं कलम आहे, खाली लाल माती उघडी पडलीय, गुलाब आणि जास्वंद लावून झाले, दोन्ही गेले आणि आता लॉनचा विचार चाललाय. रत्नागिरीपासून तासाभरावर आमचं गाव. आमच्या दारात हे सगळं अगदी याच क्रमाने होऊन गेलंय. लॉनचे चौकोनी तुकडे आणून कलमाखाली अंथरले. दसऱ्यापर्यंत हिरवे होते, दिवाळीत पिवळे पडले आणि शिमग्याला नुसतं गोणपाट उरलं.

ज्या रोपवाटिकेतून तुकडे आणले तिथला माणूस म्हणाला, माती कमी पडली, भर घाला. घातली. टेम्पोभर माती बुंध्याभोवती फूटभर चढवली. पुढच्या वर्षी एका बाजूची पानं पिवळी पडायला लागली आणि एक फांदी वाळली. सासऱ्यांनी एका सकाळी काही न बोलता घमेलं घेतलं आणि सगळी माती ओढून गडग्याकडे नेऊन टाकली. आंब्याची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात, त्यांना हवा लागते. ती बुजवली की झाड गुदमरतं. बुंध्याला ओली माती टेकून राहिली तर साल कुजते ते वेगळंच. भर घालायचीच तर दोन-तीन बोटं, आणि बुंध्यापासून हातभर लांब.

लोक सावलीला दोष देतात. माझ्या मते कलमाखालचं खरं भांडण पाण्याचं आहे. कुदळीने चार बोटं खणून बघा, चहाच्या गाळणीत चोथा अडकावा तसं केसांसारख्या मुळांचं जाळं वर येईल. गुलाबाला घातलेलं पाणी गुलाबापर्यंत पोचतच नाही, आधी कलम पितं. आणि त्या वेळी ते त्याने पिऊ नये, ही खरी गोम आहे. हापूसला पाऊस सरल्यावर पाण्याचा ताण बसावा लागतो, तेव्हा थंडीत मोहोर फुटतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तुम्ही फुलझाडांसाठी पाइप सोडून ठेवलात तर मोहोराऐवजी पालवी येते. आमच्या गुलाबांच्या बाजूला एक वर्ष नुसती तांबूस पालवी होती. दिसायला फार सुंदर, पण आंबा एक नाही.

म्हणून मी आता कलमाखाली फक्त पावसावर वाढणारं आणि थंडीत झोपी जाणारं लावते. कोकणात अशी झाडं चिक्कार आहेत.

पहिली हळद. मे अखेरीस पारयीने, म्हणजे लोखंडी पहारीने, वीतभर खोल भोकं पाडायची, बुंध्यापासून पाच-सहा फूट सोडून. वाफे खणत बसायचं नाही, मुळं तुटतात. जाड मूळ लागलं तर भोक बाजूला सरकवायचं. प्रत्येकात मूठभर कुजलेलं शेणखत आणि डोळा असलेला एक गड्डा. आषाढात पानं गुडघ्याला लागतात, नागपंचमीला पातोळ्यांसाठी शेजारपाजारचे आमच्याकडेच पानं मागायला येतात. पौषापर्यंत पानं वाळून आडवी होतात आणि तेव्हाच वर मोहोर असतो, पाणी मागायला खाली कुणी नसतं. उन्हातल्या हळदीच्या निम्मीसुद्धा भरत नाही, पण मी ती पानांसाठीच लावते.

सुरणही तसाच. मेमध्ये खड्ड्यात कंद ठेवा, छत्रीसारखं एकच पान उघडतं, ते पिवळं पडून आडवं झालं की काढा. अळू लावायचं तर कलमाच्या त्या बाजूला जिथे मोरीचं किंवा पन्हाळीचं पाणी उतरतं, सोनटक्काही तिथेच. कोरड्या बाजूला दोन्ही नुसती जीव धरून राहतात.

वेल हवी असेल तर मिरवेल. आंब्याची खरखरीत साल तिला छान धरता येते. पण हापूसवर नको, औषधं फवारायची असतील तर ती वेलीवरच्या मिऱ्यांवर पडणार. फणसावर चढवली तर फणस बुंध्यालाच लागतात आणि काढताना वेल फाटते. आमची आहे ती परसातल्या रायवळ आंब्यावर, ज्याला कुणी काही फवारत नाही. रोप बुंध्यापासून फूटभर लांब, उत्तरेच्या अंगाला, पहिल्या पावसात लावायचं. दक्षिणेला उन्हाचा तडाखा बसतो. जात विचारून घ्या. पन्नियूर-१ चं नाव सगळे घेतात, पण तिला उजेड बऱ्यापैकी लागतो. दाट सावलीत करीमुंडा बरी. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात रोपापुरतं तांब्याभर पाणी द्यावं लागतं.

तुम्हाला कुणीतरी जायफळ आणि दालचिनी सुचवलीय, ते बहुधा लाखी बाग, म्हणजे नारळात मसाल्याची झाडं लावायची पद्धत, बघून. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रामुळे ती पद्धत आपल्याकडे सगळ्यांना माहीत झाली. पण ती नारळाखाली. साडेसात मीटरवर लावलेल्या माडांच्या झावळ्यांतून दिवसभर ऊन गाळून खाली येतं, आणि बागेला बारमाही पाणी असतं. जुन्या कलमाखाली यांतलं काहीच नाही. तिथलं उत्तर इथे चिकटवू नका.

तुमच्याकडे किती उजेड आहे ते दुपारी बाराला जाऊन बघा. जमिनीवर कवडसे हलत असतील तर वरचं सगळं जमेल. एकही कवडसा नसेल तर आधी आंबे उतरल्यावर मधल्या गर्दीच्या फांद्या माहीतगार माणसाकडून काढून घ्या आणि कापाला त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, नाहीतर बुरशी लागायला वेळ लागत नाही. उजेड आंब्यालाही हवाच असतो.

अजून एक, हे तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते. कलम कुणाला कराराने दिलंय का? पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) ओतलं जात असेल तर ते जमिनीत बराच काळ राहतं, खालची झाडं खुजी होतात. तशा जागेत खायचं काही लावू नये असं मला वाटतं. तिथे शोभेचं लावा, अबोली लावा.

पातेरा झाडून जाळू नका. आंब्याचं पान जाड, कुजायला वर्ष घेतं, पण हळदीवर वीतभर पसरलं की तण येत नाही आणि ओल टिकते. फक्त घराच्या पायरीजवळ ढीग नको. आमच्याकडे फुरसं निघालं होतं, तेव्हापासून पायरीपासून दहा पावलं मी स्वच्छ ठेवते आणि पातेऱ्यात हात घालण्याआधी काठीने ढवळते.

आणि भुईचाफा लावाच. वर्षभर काही दिसत नाही, पावसाळ्यात रुंद पानं येतात, तीही जातात. मग चैत्राच्या आसपास, सगळं करपलेलं असताना, भेगाळलेल्या मातीतून पानाशिवाय थेट फूल वर येतं. पांढरं, मध्ये जांभळं, जमिनीला टेकलेलं. वास घ्यायला गुडघ्यावर बसावं लागतं. त्याला पाणी नको, खत नको. कंद कुठे पुरला तिथे मात्र बांबूची काठी रोवून ठेवा. मी दोनदा विसरून तिथेच हळदीची भोकं पाडली आणि पारयीच्या टोकाला अर्धा कंद वर आला.