माणुसकी दाखवायची की मानायची?

पाचपाखाडीच्या एका निवृत्त काकांचा प्रश्न आहे: 'नातीसाठी वहीत माझी दोन तत्त्वं लिहून ठेवतोय. "सत्य आणि मानवी गरिमा" असं लिहिलं, पण गरिमा हा शब्द हिंदी बातम्यांतून आल्यासारखा वाटतो. प्रतिष्ठा लिहावं तर हारतुरे घेतलेले "प्रतिष्ठित नागरिक" डोळ्यांसमोर येतात. मग लिहू काय?'

काका, गरिमा संस्कृतच. गुरु म्हणजे जड, त्यावरून आलेला. पण मराठीत तो खुर्चीला चिकटून बसतो: पदाची गरिमा, सभागृहाची गरिमा. ठाणे स्टेशनवरच्या हमालाची गरिमा, असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

तुमचा कान मात्र तिखट आहे. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत 'व्यक्तीची प्रतिष्ठा' आहे, हिंदीत त्याच जागी 'गरिमा'. गंमत म्हणजे हिंदीतही 'प्रतिष्ठा' आहे, पण आपण जिथे 'दर्जा' म्हणतो तिथे! तेव्हा प्रतिष्ठा लिहिलंत तर चूक कुणी काढणार नाही. धातू 'स्था', म्हणजे पाय रोवून उभं राहणं. घोळ रोजच्या वापरात आहे. आपली प्रतिष्ठा पणाला लागते, धुळीला मिळते, निवडणुकीची लढत 'प्रतिष्ठेची' होते. चारचौघांनी दिलेली, त्यांनीच काढून घ्यावी अशी. तुम्हाला तर जी काढून घेता येत नाही ती म्हणायचीय.

माझं मत माणुसकीला. हल्ली हा शब्द दयेच्या रांगेत जाऊन बसलाय हे खरं. 'माणुसकी दाखवली' म्हटलं की मोठेपणा दाखवणाऱ्याकडे जातो. पण शेवटचा 'की' बघा. पाटीलकी म्हणजे पाटलाचं पद, त्याचा मान आणि हक्क. (दादागिरी हा अर्थ नंतर चिकटला.) त्याच साच्यात माणुसकी म्हणजे माणूस असण्याचा मान नि हक्क. हा अर्थ माझ्या पदरचा नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्या चळवळीच्या मराठीत 'माणुसकीचे हक्क' असा शब्दप्रयोग आहे. तिथे दयेची याचना नाही.

घोडबंदर रोडच्या एका संकुलात घरकामाच्या बायकांना वेगळी लिफ्ट आहे. दिवाळीला त्यांना मिठाईचा पुडा मिळतो. पहिल्या अर्थाने तिथे माणुसकी आहे, दुसऱ्या अर्थाने नाही.

सत्याबद्दल थोडंच. सत्यशोधक समाजाला (१८७३) 'सत्य' शोभतं, तिथे शोध होता. स्वतःपुरतं लिहिताना मी 'खरेपणा' घेईन. तो रोज पाळता येतो, आणि मोडला तर घरच्यांना लगेच कळतो.

वहीत असं चालेल: 'खरेपणाने वागलो. प्रत्येकाची माणुसकी मानली.' क्रियापद 'मानली'च ठेवा. 'दाखवली' लिहिलंत की नात मिठाईच्या पुड्याचा अर्थ घेईल.