परदेशात पासपोर्टची मुदत संपली? आधी एवढं करा

घाबरू नका, पण तिकीटही काढू नका. मुदत संपलेल्या पासपोर्टवर विमानात बसू देत नाहीत.

तुम्ही राहता तो भाग ज्या भारतीय दूतावासाच्या किंवा वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो, तिथेच अर्ज करायचा. फॉर्ममध्ये ‘री-इश्यू’ (जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट) निवडा. बरेच जण ‘फ्रेश’ (पहिल्यांदाच पासपोर्ट) टिचकवतात आणि अर्ज अडकतो. नाव, जन्मतारीख जुन्या पासपोर्टवर आहे तशीच लिहा.

खरी गोची गावाकडे होते. भारतातला पत्ता साताऱ्यातल्या कोरेगावचा किंवा सांगलीतल्या तासगावचा दिला असेल, तर पडताळणी तिथल्या पोलीस ठाण्याकडे जाऊ शकते. हवालदार दारात आला, की आजी भाबडेपणानं म्हणते, “तो इथं राहत न्हाई.” झाला रिपोर्ट उलटा! घरी आधीच फोन करून ठेवा: “मुलगा आमचाच, सध्या कामानिमित्त परदेशात आहे.”

जुना पासपोर्ट टाकू नका, व्हिसा त्यातच असतो. निवास परवान्याची मुदतही आजच बघा.

अगदीच तातडी असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. पण ते फक्त भारतात येण्यापुरतं, एकदाच. नवा पासपोर्ट मग भारतात आल्यावर काढायचा; सातारा-सांगली पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतात.