वेगळा संगणक न वापरता लहान मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपवरच्या छोट्या संगणकावर) प्रोग्राम लिहिता आणि चढवता येतो का?

येतो. फक्त चिपमध्ये आधी एकदा काहीतरी बसवावं लागतं, आणि त्या एका वेळेला बहुधा संगणक लागतोच.

१९७६ च्या कॉस्मॅक एल्फ या घरी जोडायच्या छोट्या संगणकामध्ये ही अडचण नव्हती. आठ टॉगल स्विच लावून एकेक बाइट थेट रॅममध्ये टाकायचा. मेमरीच मुळी २५६ बाइटची. आजच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत राहतो, आणि फ्लॅशमधलं काही बदलायचं तर अख्खं पान पुसून पुन्हा लिहावं लागतं. अर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावरच्या अ‍ॅटमेगा३२८पी चिपमध्ये असं पान १२८ बाइटचं असतं. त्यातही ही चिप रॅममधून प्रोग्राम चालवत नाही, आणि फ्लॅशमध्ये लिहिणारी आज्ञा फक्त बूटलोडरच्या (नवा प्रोग्राम चढवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) भागातून चालते.

म्हणून तुम्ही टाइप केलेलं घेऊन स्वतःच फ्लॅशमध्ये लिहील, अशी भाषाच चिपमध्ये बसवायची. सी भाषा विसरा, तिचा कंपायलर (लिहिलेल्याचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅममध्ये मावत नाही. फोर्थ ही छोटी भाषा मात्र आरामात मावते. फ्लॅशफोर्थ या तिच्या आवृत्तीमध्ये नवा शब्द (फोर्थमध्ये फंक्शनला शब्द म्हणतात) टाइप करून एंटर दाबलं की तो तिथल्या तिथे कंपाइल होऊन फ्लॅशमध्ये जातो, आणि लगेच नाव टाइप करून चालवून बघता येतो. ही मजा एकदा कळली की कंपाइल-अपलोडची वाट बघणं जीवावर येतं. मात्र फ्लॅशफोर्थ नेहमीच्या बूटलोडरच्या जागी बसतं, त्यामुळे ते यूएसबीने चढत नाही. आयएसपी प्रोग्रामर, म्हणजे थेट चिपमध्ये लिहिणारं वेगळं उपकरण लागतं. शिवाय उनोला स्वतःचा कीबोर्ड-पडदा नाही. सिरियल टर्मिनल (तारेने जोडलेला कीबोर्ड-पडदा) लागणारच, आणि त्यासाठी लॅपटॉप जोडलात तर मग काय साधलं?

तुमच्या जागी मी रास्पबेरी पाय पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेईन. २६४ केबी रॅम, २ एमबी फ्लॅश. त्यावर पिकोमाइट या बेसिक चालवणाऱ्या फर्मवेअरची (चिपमध्ये कायम बसणाऱ्या प्रोग्रामची) व्हीजीए पडद्यासाठीची आवृत्ती टाकली की थोडे रेझिस्टर लावून पडदा जोडता येतो, कीबोर्डही जोडता येतो. भाषा बेसिक आहे, नाक मुरडू नका. एडिट म्हटलं की पूर्ण पडद्याचा एडिटर उघडतो, एफ२ दाबलं की प्रोग्राम सेव्ह होऊन चालू लागतो. ऑटोरन चालू ठेवलंत तर वीज आल्यावर आपोआप सुरू होतो. मायक्रोपायथॉन ही पायथनची छोटी आवृत्तीही पिकोवर छान चालतं, पण त्यात कीबोर्ड-पडद्याची सोय आयती मिळत नाही.

पिकोवर पहिल्यांदा फर्मवेअर टाकायला त्यावरचं बूटसेल बटण दाबून ठेवत यूएसबीने संगणकाला जोडायचा. तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यावर फर्मवेअरची यूएफ२ फाइल कॉपी करायची. हे काम कुणाच्याही संगणकावर मिनिटभरात होतं.

एसडी कार्ड मात्र नक्की जोडा आणि प्रोग्रामची एक प्रत त्यावर ठेवत जा. पुढे कधी नवं फर्मवेअर टाकलंत तर आतला प्रोग्राम पुसला जाऊ शकतो.