विमान घिरट्या घालतंय? आधी वेपन बघा

प्रश्न असा: 'जनरल्स झीरो अवर' या युद्धाच्या कॉम्प्युटर गेमच्या फाइली बदलून रॅप्टर या जेट विमानाची मिसाइलं काढली आणि तिथे रणगाड्याच्या तोफेची नक्कल चिकटवली. आता विमान दोनच गोळ्या मारून पुढे निघून जातं, घिरट्या घालतं आणि तळावर परतायचं नाव घेत नाही. लोकोमोटर, म्हणजे विमानाच्या हालचालीचे आकडे, बदलूनही फरक नाही.

पडणारही नाही. मीसुद्धा याच पायी तीन संध्याकाळी लोकोमोटर उचकटत बसलो होतो.

परतण्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. या गेममध्ये विमानाला इंधन नसतं. ते परततं ते दारूगोळा संपल्यावर. रणगाड्याची तोफ जागच्या जागी भरते, मग विमानही हवेतच भरत राहतं. वेपनच्या सेटिंगमध्ये ऑटोरीलोड्सक्लिपला (गोळ्या परत कशा भरायच्या, ते ठरवणारी ओळ) 'रिटर्न टू बेस' द्या आणि क्लिपसाइज (एका भरणीतल्या गोळ्या) 0 ठेवू नका, शून्य म्हणजे अमर्याद. एवढं केलंत की क्लिपरीलोडटाइम हा तळावर भरायला लागणारा वेळ होतो.

खरी गंमत घिरट्यांची. समजा वेग सेकंदाला 180, वेपनची रेंज 100 (दोन्ही गेमच्या एककांत). म्हणजे रेंजमध्ये शिरल्यापासून लक्ष्य ओलांडेपर्यंत हातात साधारण 0.55 सेकंद. दोन गोळ्यांमधलं अंतर 300 मिलिसेकंद असेल तर पहिली शून्यावर, दुसरी 300 वर, आणि तिसरीची वेळ येते तोवर लक्ष्य मागे पडलेलं. रणगाडा थांबून मारतो, जेटला थांबता येत नाही. वळायचं म्हणाल तर टर्नरेट (वळण्याचा वेग) सेकंदाला 90 अंश असताना वळणाची त्रिज्या 115 च्या आसपास. लक्ष्य बगलेत असेल तर नाक तिकडे वळतच नाही. वांद्र्याहून सी-लिंकवर चढलात की वरळीपर्यंत गाडी वळवता येत नाही, तसंच.

म्हणून दोन गोळ्यांमधलं अंतर 150 मिलिसेकंद करा, क्लिपमध्ये चार गोळ्या असतील तर चारही 450 मध्ये सुटतात. नाहीतर रेंज 200 च्या पुढे न्या. वेग मात्र कमी करू नका. हळू विमान गॅटलिंगच्या (विमानं पाडणाऱ्या झटपट तोफेच्या) तोंडी आयतं सापडतं.

ॲक्सेप्टेबलएमडेल्टाही बघा. नाक लक्ष्यापासून किती अंश हललेलं चालेल, ते हा आकडा ठरवतो. रणगाड्याचा टरेट (तोफेचा बुरुज) फिरतो, जेटला अख्खं अंग वळवावं लागतं. मी 15 पासून सुरुवात करतो. फार वाढवलात तर गोळी पंखातून निघाल्यासारखी दिसते, ते मला तरी बघवत नाही.

एका वेळी एकच आकडा बदला, आणि चाचणीला स्थिर इमारत घ्या, पळती गाडी नको.