आधी तापमान, मग यीस्टचं पाकीट

प्रश्न: घरी पहिल्यांदाच २० लिटर पेल एल बिअर करणार आहे. खोलीचं तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस असतं. ड्राय यीस्ट कोणतं घ्यावं? आधी पाण्यात भिजवायचं की थेट वर्टमध्ये (आंबवून बिअर करायच्या माल्टच्या गोड काढ्यात) टाकायचं? अर्धं पाकीट वापरून उरलेलं ठेवलं तर चालेल का?

उत्तर: तापमान कळवलंत हे फार बरं केलंत. यीस्टची निवड मी तिथूनच सुरू करतो. आंबणं जोरात असताना फर्मेंटरमधलं (बिअर आंबवायच्या भांड्यातलं) तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी चढतं, त्यामुळे तुमचे २२ अंश म्हणजे आत २५-२६ होऊ शकतात. शक्य असेल तर निदान पहिले तीन दिवस फर्मेंटर घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा; यीस्टचा बरा-वाईट स्वाद बहुतेक त्याच दिवसांत ठरतो.

सॅफएल यूएस-०५ आणि एस-०४ ही दोन्ही ड्राय यीस्ट तुम्हाला चालतील. एस-०४ तळाशी घट्ट बसतं, बिअर लवकर निवळते, पण फळांसारखा गंध येतो आणि उष्णतेत तो वाढतो. यूएस-०५ स्वतः मागे राहून हॉप्सना (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांना) पुढे येऊ देतं. पेल एल करायची ती हॉप्ससाठी, म्हणून मी यूएस-०५च घेईन.

अर्धं पाकीट मात्र नको. एलसाठी लिटरला ०.५ ते ०.८ ग्रॅम यीस्ट लागतं, म्हणजे २० लिटरला १० ते १६ ग्रॅम. पाकीट ११.५ ग्रॅमचं, तेव्हा ते पूर्णच टाका. यीस्ट कमी पडलं की आंबणं उशिरा सुरू होतं आणि तेवढ्यात नको ते जिवाणू हातपाय पसरतात.

भिजवण्याबद्दल. वाळवलेल्या पेशीचं आवरण पहिल्या काही मिनिटांत कशालाच अडवू शकत नाही. म्हणून दाट साखरेत थेट पडणं पेशीला जड जातं. वर्टची घनता (पाण्याची १.०००, साखर जास्त तशी ती जास्त) १.०५०च्या आसपास असेल, तर २० अंशांवर आणलेल्या वर्टवर यीस्ट सगळीकडे पातळ भुरभुरा, एका जागी ढीग नको. १.०७०च्या वरच्या बिअरला मी भिजवतोच: उकळून २५ ते २९ अंशांवर आणलेलं, यीस्टच्या दहापट पाणी, पाव तास न हलवता, मग हलकेच ढवळून वर्टमध्ये. त्या पाण्यात साखर घालू नका. वेगळा स्टार्टरही (थोड्या वर्टमध्ये यीस्ट आधी वाढवून घेणं) करू नका. वाढीला लागणारा साठा पेशीत आधीच भरलेला असतो.

फेस दिसायला दुसरा दिवस उजाडू शकतो. तोवर झाकण उघडू नका, दुसरं पाकीटही ओतू नका. बाटल्या मात्र हायड्रोमीटरचा (घनता मोजायच्या उपकरणाचा) आकडा सलग तीन दिवस तोच राहिल्यावरच भरा. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नव्हे. साखर शिल्लक असेल तर बाटली फुटते.